शील्ड बागानची, कप मुंबईचा: २०२३-२४चा हंगाम कोणाचा म्हणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२३-२४च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) शील्ड, म्हणजे साखळीत पहिले येण्याचा मान, मोहन बागानने घेतली आणि कप, म्हणजे बाद फेरीचा अंतिम सामना जिंकण्याचा मान, मुंबई सिटीने. ऑफिसातले बंगाली सहकारी आणि तुम्ही यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही. मग हंगाम कोणाचा चांगला गेला म्हणायचा? शिवाय मुंबईचा छांगटे भारी की बागानचा पेत्रातोस, हेही तुम्हाला हवे आहे.

आधी निकाल सांगतो. हंगाम मोहन बागानचा चांगला गेला. फरक थोडा आहे, पण बाजू बागानचीच. मी मुंबईत मुलांना फुटबॉल शिकवतो, अंधेरीला, मुंबईच्या घरच्या मैदानावर, आकाशी शर्ट घालून बसतो आणि सामन्यांच्या नोंदी काढणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. मन मुंबईकडे ओढते, नोंदी बागानकडे झुकतात. पण त्याच नोंदींतून दुसरी एक गोष्टही तितक्याच ठळकपणे दिसते: हंगाम संपताना या दोघांतला सरस संघ मुंबईचा होता. तुमचा वाद मिटत नाही याचे कारण मला इथेच दिसते. एक जण ‘हंगाम कोणाचा’ याचे उत्तर देतोय, दुसरा ‘संघ कोणाचा भारी’ याचे. या वर्षी या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

आकडे समोर ठेवू. साखळीत प्रत्येकाचे २२ सामने झाले. बागान: १५ विजय, ३ बरोबरी, ४ पराभव, ४८ गुण. मुंबई: १४ विजय, ५ बरोबरी, ३ पराभव, ४७ गुण. गोल पाहिले तर बागानचे ४७ झाले आणि त्यांनी २६ खाल्ले. मुंबईचे ४२ झाले आणि त्यांनी फक्त १९ खाल्ले. म्हणजे मुंबई कमी हरली, तिचा बचाव जास्त घट्ट होता, गोलफरकातही ती दोनने पुढे होती, तरी एका गुणाने मागे राहिली. तीन गुणांच्या पद्धतीत बरोबरी किती महाग पडते ते इथे दिसते. पाच बरोबरींतून मुंबईला पाचच गुण मिळाले.

आता या दोघांच्या आपसातल्या लढती. हा भाग मला फार आवडतो, कारण असा हंगाम क्वचित घडतो. ऑगस्ट २०२३मध्ये ड्युरँड कप या लीगबाहेरच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत बागानने मुंबईला ३-१ हरवले. डिसेंबरमध्ये अंधेरीला मुंबईने २-१ बाजी मारली. त्या सामन्यात सात लाल कार्डे निघाली. फुटबॉल म्हणून त्याबद्दल फार बोलण्यासारखे काही नाही. १५ एप्रिल २०२४ला कोलकात्यातल्या सॉल्ट लेकवर साखळीचा शेवटचा सामना झाला, बागान २-१. आणि ४ मेला त्याच मैदानावर अंतिम सामना, मुंबई ३-१. चार लढती, दोन-दोन विजय आणि एकूण गोलही सात-सात. आपसातल्या निकालांवरून वाद सोडवायला जाल तर तराजू मधोमध उभा राहतो. मुंबईच्या बाजूने एकच भर घालता येईल: चारपैकी तीन सामने कोलकात्यात झाले. परक्या मैदानावर तिथे मुंबईने तीनांतला एक जिंकला आणि घरी झालेला एकमेव सामनाही जिंकला. हा मुद्दा मी मुंबईच्या खात्यात जमा करतो.

मग बागान पुढे कशी? त्यासाठी कशाला किती वजन द्यायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवताना आपला संघ बाजूला ठेवावा लागतो. सुदैवाने आपल्याकडे त्याची पक्की कसोटी आहे: त्याच्या आदल्याच वर्षी याच दोन क्लबांच्या जागा अदलाबदल झाल्या होत्या. २०२२-२३मध्ये मुंबईने ४६ गुणांसह शील्ड घेतली आणि १८ सामने ती हरलीच नाही. बागान, तेव्हाची एटीके मोहन बागान, ३४ गुणांवर तिसरी होती. पण बाद फेरीत मुंबई बेंगळुरूकडून पेनल्टींवर हरली आणि त्याच बेंगळुरूला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात पेनल्टींवर हरवून कप बागानने नेला. त्या वसंतात अंधेरीच्या स्टँडमध्ये आम्ही सगळे एका सुरात काय म्हणत होतो? खरा चॅम्पियन शील्डवाला, कारण तो सगळ्यांशी घरी आणि बाहेर खेळून वर येतो. कप म्हणजे दोन-तीन संध्याकाळींचा खेळ. १२ गुणांचा फरक होता आणि आमचे म्हणणे बरोबर होते. मग वर्षभरात ते चुकीचे कसे ठरेल? तेव्हा शील्ड मोठी होती, तर २०२४मध्येही ती मोठीच. तुमच्या बंगाली सहकाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा: मार्च २०२३मध्ये तुम्ही कशाला मोठे म्हणत होता? दोन्ही वर्षांना एकच माप लावणारा माणूस भेटला तर त्याच्याशी बोलण्यात मजा येईल.

हे एकच माप लावायचे असेल तर शील्डच वर का ठेवायची, याचे माझे कारण धंद्यातले आहे. प्रशिक्षकाच्या दृष्टीने साखळी म्हणजे तुमच्या संपूर्ण कामाची तपासणी. दुखापती, निलंबने, जमशेदपूर ते कोची असले प्रवास, बदली खेळाडूंची खोली, दमट संध्याकाळी सत्तराव्या मिनिटानंतर संघाची रांग किती सरळ राहते, हे सारे २२ सामन्यांत उघडे पडते. पहिल्या दोन क्रमांकांतल्या संघाला कपसाठी फक्त तीन सामने खेळावे लागत: उपांत्य फेरीचे दोन आणि अंतिम. तीन सामन्यांत गोलरक्षकाची एक चूक, एखादे लाल कार्ड, एक भन्नाट फ्री किक निकाल फिरवू शकते. आशियाई फुटबॉलची व्यवस्थाही हेच मानते. त्या हंगामाची शील्ड जिंकल्यामुळे बागानला पुढच्या वर्षीच्या एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या दुसऱ्या पातळीच्या स्पर्धेच्या, गटात थेट जागा मिळाली. कप जिंकणाऱ्या मुंबईला आशियात काहीच मिळाले नाही. भारताची दुसरी संधी सुपर कप ही देशातली वेगळी स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालला गेली. गंमत अशी की बक्षिसाच्या रकमेत लीगचा कल उलटा होता: कपविजेत्याला ६ कोटी, शील्डविजेत्याला साडेतीन कोटी. लीगच्या तिजोरीला कप मोठा वाटत होता आणि आशियाच्या दाराला शील्ड. आपल्याकडे हा वाद पेटत राहिला याला ही दुहेरी व्यवस्थाही जबाबदार होती. ती २०१९-२० पासूनची. त्याआधी साखळीत पहिले येण्याला वेगळी ढालच नव्हती आणि ‘चॅम्पियन’ म्हटले की अंतिम सामना जिंकणारा, एवढेच लोकांच्या मनात होते. गोव्याच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. एफसी गोवाने पहिली शील्ड घेतली आणि तिच्याच जोरावर २०२१मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. त्या वर्षीचा कप एटीकेने घेतला होता. आज त्या हंगामाची आठवण काढताना गोव्याचेच नाव आधी येते.

आता बागानच्या हंगामात शिरू. वरवर पाहता तो शिस्तशीर वाटतो, पण आतून फार खडबडीत होता. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईला बाहेर काढून ते ड्युरँडच्या अंतिम सामन्यात गेले. ३ सप्टेंबरला समोर ईस्ट बंगाल. अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळाले, दहा जण उरले आणि तरीही ७१व्या मिनिटाला पेत्रातोसने एकट्याने धाव घेऊन गोल केला. १-० आणि विक्रमी सतरावा ड्युरँड कप. हा चषक पूर्वतयारीचा म्हणून खाली ढकलण्याची सवय लोकांना आहे. त्यात दोन्ही क्लबांचे मुख्य खेळाडू उतरले होते, आणि कोलकात्यात डर्बीचा अंतिम सामना दहा जणांनी जिंकणे ही कुठल्याही मोजमापात मोठी गोष्ट आहे. मी तो पूर्ण मोजत नाही, पण शून्यही धरत नाही.

मग डिसेंबर आला. अंधेरीत मुंबईकडून हार, घरी गोव्याकडून १-४, घरीच केरळाकडून ०-१. सलग तीन पराभव. एएफसी कप या आशियाई क्लबांच्या दुसऱ्या पातळीच्या स्पर्धेतली गोष्ट त्याहून वाईट: ओडिशाला त्यांच्या घरात ४-० झोडपणारा संघ परतीच्या सामन्यात कोलकात्यात ओडिशाकडूनच २-५ हरला आणि गटातच संपला. प्रशिक्षक हुआन फेरांदो गेले आणि जानेवारीत आंतोनियो लोपेझ हाबास आले. तेव्हा बागानचे दहा सामन्यांत १९ गुण होते आणि तक्त्यात केरळा ब्लास्टर्स अव्वल होते. उरलेल्या बारा सामन्यांत हाबासनी २९ गुण मिळवले: नऊ विजय, दोन बरोबरी आणि एकच पराभव, तोही चेन्नईयिनकडून २-३. त्या पराभवानंतर शील्ड गेली असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. पुढचे तीन सामने पाहा: पंजाबवर १-०, बेंगळुरूत जाऊन ४-०, मुंबईवर २-१. एका पॉइंटवरून शील्ड जिंकली असे म्हणून या शेवटच्या टप्प्याला कमी लेखणे मला पटत नाही. प्रत्येक सामना जिंकलाच पाहिजे अशा ठिकाणी उभे राहून त्यांनी तिन्ही जिंकले.

१५ एप्रिलच्या सामन्यात माझ्या मते हंगामाचे सार आहे. मुंबई ४७वर, बागान ४५वर. मुंबईला बरोबरी पुरेशी होती. शिवाय बागानने आयएसएलमध्ये मुंबईला तोवर एकदाही हरवलेले नव्हते. २०२१मध्येही साखळीचा शेवटचा सामना याच दोघांत झाला होता. तेव्हा मुंबईने २-० जिंकून ४० गुणांवर बरोबरी साधत शील्ड नेली होती, आणि दोन आठवड्यांनी अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या ९०व्या मिनिटाच्या गोलने कपही. त्या दोन्ही दिवशी हरलेल्या बाजूचे प्रशिक्षक हाबासच होते. तीन वर्षांनी तेच हाबास तशाच सामन्यात, यावेळी साठ हजारांहून जास्त प्रेक्षक. बरोबरी पुरेशी असलेल्या संघाला नेमके काय करायचे हे ठरवणे अवघड जाते. मुंबईची ताकद होती चेंडू ताब्यात ठेवण्यात: आपुइया आणि नोगेरा मधून खेळ फिरवणार, बाजूंनी छांगटे आणि विक्रम प्रताप पळणार. बरोबरी पुरेशी म्हणून असा संघ चेंडू ठेवायला जातो, पण पुढे जोखीम घेत नाही; मग चेंडूचा ताबा असूनही समोरच्या गोलवर दडपण येत नाही. बागानचे गणित सोपे होते, जिंकायचे. २८व्या मिनिटाला लिस्टन कोलासोने गोल केला. डावीकडे मोकळी जागा मिळाली की हा गोव्याचा पोरगा काय करतो हे सगळ्या लीगला माहीत आहे, तरी ते थांबवता येत नाही. ८०व्या मिनिटाला जेसन कमिंग्जने दुसरा केला. ८९व्याला छांगटेने एक फेडला, त्यानंतर बागानच्या ब्रेंडन हॅमिलला लाल कार्ड मिळाले, शेवटची मिनिटे मुंबईने सगळे पुढे लोटले, पण वेळ संपली. ज्या एका संध्याकाळी शील्ड फक्त राखायची होती, त्या संध्याकाळी मुंबई मागे पडली. बागानला जिंकावेच लागणार होते आणि ते जिंकले. माझा निकाल बागानकडे झुकतो तो मुख्यतः या सामन्यामुळे.

या ठिकाणी बागानचे समर्थक एक मुद्दा काढतात, तोही तपासू. मुंबईच्या ४७ गुणांत जमशेदपूरविरुद्धचा एक सामना आहे, जो मैदानावर १-१ सुटला होता. जमशेदपूरने शेवटी मैदानावर किमान सात भारतीय खेळाडू ठेवण्याचा नियम मोडला म्हणून शिस्त समितीने मुंबईला ३-० विजय दिला. म्हणजे दोन गुण मैदानाबाहेर मिळाले. ‘ते काढले तर मुंबई आणखी मागे’ असे म्हणणे ऐकायला ठीक आहे. पण नियम नियमच आहे, तो सगळ्यांना आधीपासून माहीत होता. शिवाय ते दोन गुण नसते तर शेवटच्या दिवशी दोघे ४५-४५वर असते आणि बरोबरी झाली असती तर आपसातल्या निकालावर मुंबईच वर राहिली असती. म्हणजे त्या दिवसाचे गणित जवळपास तेच राहते. हा मुद्दा सोडून द्या.

आता मुंबईची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो, कारण ती बहुतेक लोक नीट मांडतच नाहीत. ड्युरँडनंतर मुंबई सप्टेंबरमध्ये पुण्याच्या बालेवाडीत उतरली, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत. गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि इराणचा नस्साजी मझांदरान. सहापैकी सहा सामने गेले, रियाधमध्ये अल हिलालने ०-६ केले. नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर अल हिलालचा नेमार दिसेल म्हणून लोकांना उत्सुकता होती, पण त्याआधीच त्याचा गुडघा गेला होता. तो सामना मुंबई ०-२ हरली. हे सहा पराभव बागानच्या एएफसी कपमधल्या अपयशाशी सरळ तोलू नका. अल हिलाल आणि बागानच्या गटातला मालदीवचा माझिया यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझियाच्या मैदानात बागान हरली. आशियाच्या रकान्यात मी दोघांनाही नापास करतो, पण मुंबईचा पेपर फार कठीण होता.

त्यातच नोव्हेंबरमध्ये मुंबईचे प्रशिक्षक देस बकिंगहॅम इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. बकिंगहॅम म्हणजे या संघाचा पाया घालणारा माणूस. ऑक्सफर्डला त्यांनी त्याच हंगामात वरच्या श्रेणीत नेले, यावरून त्यांची पातळी कळावी. त्यांच्या जागी डिसेंबरमध्ये आले पेत्र क्रात्की, मेलबर्न सिटीच्या प्रशिक्षकवर्गातून. जानेवारीत ग्रेग स्टुअर्ट क्लब सोडून गेला. डिसेंबरच्या त्या २-१ सामन्यात बरोबरीचा गोल त्याचाच होता आणि आधीच्या शील्डच्या वर्षी या संघाचा मेंदू तोच होता. प्रशिक्षक गेला, सर्वांत सर्जनशील परदेशी खेळाडू गेला, मध्यावर नवे परदेशी आणून बसवावे लागले. अशा परिस्थितीत संघ पाचव्या-सहाव्या क्रमांकावर घसरला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. क्रात्कींनी तो शेवटच्या दिवशी अव्वल स्थानावर आणून उभा केला. प्रशिक्षक म्हणून मला विचाराल तर त्या वर्षीचे सर्वांत अवघड काम त्यांचेच होते, हाबासपेक्षाही. हाबासना तयार, महागडा, दुखावलेला संघ मिळाला होता. त्याला शिस्त लावायची होती. क्रात्कींना हंगाम चालू असताना संघ बांधायचा होता.

शील्ड गेल्यानंतर नऊ दिवसांनी, २४ एप्रिलला, फातोर्ड्यात काय झाले ते गोवेकर विसरणार नाहीत. उपांत्य फेरीचा पहिला सामना, बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिसच्या गोलांनी गोवा ९०व्या मिनिटापर्यंत २-० पुढे. मग छांगटे, लगेच विक्रम प्रताप आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३. साखळीत ४५ गुण घेतलेल्या संघाविरुद्ध, त्याच्या घरात. असे उलटफेर नशिबाने होतात असे म्हणतात; मी तो शेवटचा भाग अनेकदा पाहिलाय आणि मला त्यात तयारी दिसते. दोन गोलने मागे असूनही मुंबईचे बॅक चेंडू उंच फेकत नव्हते, बाजूंनी पास खेळतच राहिले, आणि दमलेला गोव्याचा बचाव प्रत्येक वेळी अर्धा पाऊल उशिरा पोहोचू लागला. घरी दुसरा सामना २-० जिंकून मुंबई अंतिम फेरीत गेली. बागानला याच वेळी ओडिशाने पहिल्या लढतीत २-१ हरवले होते. परतीला सहल अब्दुल समदच्या भरपाई वेळेतल्या गोलमुळे ते निसटले.

अंतिम सामना पुन्हा सॉल्ट लेकवर, पुन्हा साठ हजारांवर प्रेक्षक. ४४व्या मिनिटाला मुंबईचा गोलरक्षक लाचेन्पाकडून चेंडू सुटला आणि कमिंग्जने तो आत ढकलला. या कमिंग्जची एक गोष्ट सांगायला हवी. वर्षभरापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या अंतिम सामन्यात सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडून हॅटट्रिक करून त्याने मेलबर्न सिटीला ६-१ गाडले होते, म्हणजे क्रात्की जिथून आले त्याच क्लबला. साखळीत पहिला येऊन अंतिम सामन्यात हरणे काय असते हे मेलबर्न सिटीला सलग दोन वर्षे अनुभवायला मिळाले होते. कोलकात्यात क्रात्की उलट्या बाजूला उभे होते. मध्यंतरानंतर मुंबई पूर्ण वेगळी खेळली. १५ एप्रिलला जी जोखीम घेतली नव्हती ती आता घेतली, कारण राखण्यासारखे काही नव्हते. ५३व्या मिनिटाला परेरा दियाझ, ८१व्याला बिपिन (दोन अंतिम सामने, दोन्हींत बागानविरुद्ध निर्णायक गोल), आणि शेवटी भरपाई वेळेत वोइतुश. १-३. राहुल भेकेने, आपल्या मुंबईच्याच पोराने, कर्णधार म्हणून कोलकात्यात कप उचलला. आणि बचावात तिरी होता, ज्याचा २०२१च्या अंतिम सामन्यातला स्वयंगोल बागानला महागात पडला होता. त्या दिवशी तो मुंबईकडून खेळत होता आणि जिंकत होता.

बाद फेरीत मुंबई तीनपैकी तीन जिंकली, ८ गोल केले आणि ३ खाल्ले. बागान तीनपैकी एक जिंकली, ४ केले आणि ५ खाल्ले. साखळी आणि बाद फेरी एकत्र केली तर २५ सामन्यांत मुंबईचे १७ विजय आणि ३ पराभव, बागानचे १६ विजय आणि ६ पराभव. मुंबईच्या बाजूने सर्वांत बळकट हत्यार हेच आहे, पुढच्या वेळी वाद झाला तर हे वापरा. ‘संघ कोणाचा भारी’ या प्रश्नावर मला तरी याला उत्तर सापडत नाही.

तरी मी हंगाम बागानचा म्हणतो, कारण हंगामाचे नियम पहिल्या दिवशी दोघांनाही माहीत होते. साखळीची बेरीज बाविसाव्या सामन्याला थांबते हे मुंबईला माहीत होते आणि त्या सामन्यात फक्त हरायचे नव्हते. बागानकडे शील्ड, ड्युरँड आणि कपचे उपविजेतेपद. मुंबईकडे कप, शील्डचे उपविजेतेपद आणि जानेवारीच्या सुपर कपची उपांत्य फेरी, जिथे ओडिशाने १-० रोखले. बागान त्या सुपर कपमध्ये ईस्ट बंगालकडून १-३ हरून गटातच गारद झाली, हेही त्यांच्या वहीत उणे म्हणून लिहा. सगळे मांडल्यावर बागानचे पारडे किंचित जड होते. ड्युरँड पूर्ण वगळून फक्त शील्ड विरुद्ध कप म्हणालात तरी मी शील्डच घेईन, पण तेव्हा अंतर केसाएवढे उरेल आणि कोणी कप निवडला तर मी भांडणार नाही.

वादात येणारे काही मुद्दे मात्र मी ऐकूनच घेत नाही. बागान १८८९ची, १९११ला अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवले, मुंबई सिटी २०१४ची: हे सारे खरे आणि अभिमानाचे आहे, पण २०२३-२४च्या एकाही सामन्यात त्याने गोल झाला नाही. तसेच मुंबईच्या तेव्हाच्या मालकांच्या, सिटी फुटबॉल ग्रुपच्या, पैशाचे. बागानचे मालकही काही गरीब नाहीत, कमिंग्ज आणि पेत्रातोससारखे खेळाडू फुकट येत नाहीत. आणि पुढच्या वर्षीचा पुरावा मागे लावू नका. २०२४च्या उन्हाळ्यात आपुइया बागानकडे गेला, ग्रेग स्टुअर्टही तिथेच उतरला आणि २०२४-२५मध्ये बागानने ५६ गुणांसह शील्ड आणि बेंगळुरूला हरवून कप, दोन्ही घेतले. त्या वर्षाबद्दल कोणी वाद घालत नाही, जसा २०२०-२१च्या मुंबईबद्दल घालत नाही. शील्ड सुरू झाल्यापासून तोवर दोन्ही एका वर्षात घेतलेले हे दोनच क्लब. पण त्यावरून २०२३-२४ ठरवता येणार नाही.

राहिला छांगटे की पेत्रातोस. साखळी आणि बाद फेरी मिळून दोघांच्याही नावावर १०-१० गोल. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल पेत्रातोसला मिळाला आणि तो योग्य होता. छांगटेचे काम उजव्या कडेवरून बचावाच्या पाठीमागे पळणे. ते भारतात त्याच्याइतके चांगले कोणी करत नाही, आणि फातोर्ड्याची ती सहा मिनिटे मुख्यतः त्याच्यामुळे घडली. पेत्रातोस मात्र आघाडीवीर असून अर्धा वेळ मधल्या फळीत उतरतो, चेंडू घेतो, वळतो, लिस्टन आणि मनवीरला सोडतो आणि मग स्वतः गोलसमोरच्या पेटीत पोहोचतो. त्याला उचलून बाजूला ठेवले तर बागानच्या खेळाची सांधेजोडच निघते. छांगटेशिवायही मुंबईकडे विक्रम प्रताप होता, बिपिन होता. माझ्या अकादमीतल्या मुलांना मी छांगटेची धाव दाखवतो, कारण ती शिकवता येते: कधी थांबायचे, बचावपटूच्या कोणत्या खांद्यामागून निघायचे. पेत्रातोसची क्लिप दाखवतो ती फक्त मधल्या फळीतल्या मोठ्या मुलांना, चेंडू येण्याआधी तो दोनदा मान वळवून मागे कसा पाहतो तेवढ्यासाठी. त्या वर्षाचा खेळाडू म्हणून माझे मत पेत्रातोसला.